मिठागरात मीठ आधीच का बसतं?

सुकापूरहून पनवेल ओलांडून उरणकडे गेलं की खाडीकाठची उरलीसुरली मिठागरं दिसतात. तिथल्या वाफ्यांत रसायनशास्त्राचा एक नियम उन्हात राबत असतो.

२५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. खाडीच्या पाण्यात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. पाणी आटत जातं तसं तेही दाट होतं आणि त्याच्या प्रत्येक मॅग्नेशियममागे दोन क्लोराइड आयन येतात. द्रावण संपृक्त झालं की सोडियम आणि क्लोराइड यांच्या प्रमाणांचा गुणाकार ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. क्लोराइड बाहेरून वाढला, तर सोडियमला द्रावणातलं आपलं प्रमाण कमी करावं लागतं. म्हणजे मीठ खाली बसतं. हाच समआयन परिणाम. वाल्टर नेर्न्स्टने १८८९मध्ये त्याची मांडणी केली. (इतक्या दाट पाण्यात हे गणित ढोबळच ठरतं, कल मात्र तोच राहतो.)

प्रयोगशाळेत हे क्षणात दिसतं. मिठाच्या नितळ संपृक्त द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडा. पांढरे बारीक कण भुरभुरत तळाशी जातात. मिठाचा कणही न घालता!

पाणी फार आटवलं तर मॅग्नेशियमचे क्षारही मिठासोबत उतरू लागतात. म्हणून मीठ ओढून झाल्यावर उरलेलं कडू पाणी वेळीच सोडून देतात. त्याचा अंश राहिला, तर पावसाळ्यात बरणीतल्या खड्यांना हमखास पाणी सुटतं.