आई-अण्णांना घेऊन दुबईत एक दिवस: फसलेला प्लॅन आणि जमलेला प्लॅन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न खूप जणांनी विचारला. "भाऊ, आई-वडील पहिल्यांदाच दुबईला येतायत, सुट्टी एकच दिवसाची आहे, काय दाखवू?" यावर व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण ते पंचविशीतल्या जोडप्यांसाठी असतात. बासष्ट वर्षांचे, बीपीची गोळी चालू असलेले, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले अण्णा कुठल्याच व्हिडिओत नसतात. माझे होते. आणि माझा पहिला प्लॅन सपशेल फसला, म्हणून हा एपिसोड.

आम्ही मूळचे मंगळवेढ्याचे. दामाजीपंतांचं गाव, चोखोबांचं गाव आणि ज्वारीचं कोठार. आता गंमत बघा. दुबईला यायचा चांगला काळ नोव्हेंबर ते मार्च, आणि आमच्या मालदांडीचा पेरणीपासून मळणीपर्यंतचा काळही जवळपास तोच. उभं पीक सोडून अण्णा कुठं येणार? रास घरात आली की मग ते मोकळे. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात दोघं आले. पर्यटकांनी टाळावा असं सगळे सांगतात, नेमका तोच महिना. तुमच्याही घरी शेती असेल तर तुमचंही हेच होणार, म्हणून मेमध्ये येऊ नका वगैरे सल्ला मी देत बसत नाही.

निघण्याआधीची एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा: खसखस. यूएईमध्ये खसखस आणायला बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांच्या यादीत धरतात. येण्याच्या आठवडाभर आधी मी फोनवर सहज विचारलं, "आई, काळ्या तिखटात खसखस टाकलीस का?" पलीकडे एकदम शांतता. दोन किलो तिखट कांडून, डबा बांधून तयार होता. तो डबा मावशीकडे गेला आणि माझ्यासाठी नवीन तिखट झालं, बिनखसखसीचं. आईने ते अजून मनावर घेतलेलं आहे. अनारसे आणणार असाल तर तेही तपासा. औषधांचंही तसंच: मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय आणू नका. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मात्र बिनधास्त आणा.

तर पहिला शनिवार. मी इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट केली. अकरा ठिकाणं, सकाळी नऊ ते रात्री दहा, प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटं. शीट दिसायला सुंदर होती. साडेअकराच्या सुमाराला आम्ही खाडीकाठी उघड्यावर चालत होतो आणि अण्णा मागे पडायला लागले. मागे वळून बघितलं तर भिंतीला हात लावून उभे. चेहरा पांढरा. "काय न्हाय रे, जरा भोवंड आली," म्हणाले आणि तिथंच खाली बसले. टॅक्सी, क्लिनिक, सलाईन. दोन तासांनी बरे झाले, पण त्या दोन तासांत आई एक शब्द बोलली नाही. ते मला सलाईनपेक्षा जड गेलं.

डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, सकाळपासून पाणी किती प्यायलात आणि बीपीची गोळी कोणती? गोळी लघवी वाढवणारी होती, म्हणजे शरीरातलं पाणी आधीच कमी करणारी. आणि पाणी? एक ग्लास. का, तर "परगावात लघवीला कुठं शोधत बसायचं?" मंडळी, हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. आपली वडीलधारी माणसं घराबाहेर पडली की मुद्दाम पाणी पीत नाहीत, विशेषतः आया. हजार बाटल्या बरोबर घेतल्यात तरी उपयोग नाही. पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे हे त्यांना आधी दाखवा, मग बाटली हातात द्या. दुबईत मेट्रो स्टेशनांवर आणि मॉलमध्ये स्वच्छ सोय असते, फक्त ती आहे हे त्यांना माहीत पाहिजे. आणि गोळ्यांबद्दल निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. मी प्रवासाचा विमा काढला होता म्हणून बिलाचं ओझं पडलं नाही. विमा काढाच.

आता माझा खरा प्रश्न. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंश सहज होतं. अण्णा त्या उन्हात शेतावर जातात. मग दुबईच्या अडतीस अंशात भोवंड का आली?

याचं उत्तर माठात आहे. माठाला घाम येतो, तो घाम वाळतो, आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातो, म्हणून पाणी गार होतं. पण आषाढात, हवा दमट असताना माठातलं पाणी गार होत नाही, कारण घाम वाळतच नाही. आपलं शरीर हेच करतं. घाम येण्याने आपण गार होत नाही, घाम वाळण्याने होतो. मंगळवेढ्याची हवा उन्हाळ्यात कोरडी खणखणीत, घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो. दुबई आहे वाळवंटात, पण बसलीय समुद्राच्या काठावर. दुपारी समुद्रावरून वारा येतो तो ओलावा घेऊन येतो. वरून ऊन वाळवंटाचं, खालून वाफ समुद्राची. घाम नुसता निथळतो, अंग तापतच राहतं.

मोबाईलवर हवामान बघताना लोक आर्द्रतेची टक्केवारी बघतात आणि फसतात. पहाटे सत्तावीस अंशाला सत्तर टक्के दाखवतं आणि दुपारी अडतीस अंशाला पंचेचाळीस. वाटतं दुपार कोरडी आहे. प्रत्यक्षात दुपारच्या हवेत पाणी जास्त असतं, कारण गरम हवेत जास्त वाफ मावते आणि टक्केवारी त्या मावण्याच्या हिशेबात असते. त्यापेक्षा ॲपमध्ये 'ड्यू पॉइंट' शोधा, म्हणजे दवबिंदू. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो आकडा. तो चोवीसच्या वर गेला की वयस्कर माणसाला उघड्यावर चालवायचं नाही, हा माझा घरगुती नियम. अण्णांना हे समजवायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्याची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते, त्याला दव काय शिकवायचं?

मग दुसरा प्लॅन केला. दोन आठवड्यांनी, पुन्हा शनिवारी. शनिवारच का? कारण रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, शनिवारी पाचला. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे तीनच तास असतात, ते रविवारी प्लॅटफॉर्मवर जातात. शुक्रवारी दुपारी जुन्या बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. या वेळी अकरा ठिकाणांची तीन केली.

मी करामामध्ये राहतो. पावणेसहाला निघालो, बुर्जुमानहून ग्रीन लाईन पकडली. प्रत्येकाला एक नोल कार्ड: सिल्व्हर कार्ड पंचवीस दिरहमला मिळायचं, त्यात एकोणीसचा बॅलन्स असायचा, एका झोनच्या आत प्रवासाला तीन दिरहम. डब्यात खाणं-पिणं, अगदी च्युइंगम खाल्लं तरी शंभर दिरहम दंड आहे. त्यामुळे आईच्या पिशवीतले लाडू मी स्टेशनबाहेरच संपवायला लावले. आणि सरकता जिना! आईने साडीचा घोळ हातात धरून तीन वेळा पाय पुढे केला आणि मागे घेतला. मागे माणसं थांबली. आपण "अगं पटकन ये" म्हणतो ना, ते म्हणू नका. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, सरळ तिकडे न्या. मेट्रोला चालक नाही, त्यामुळे पुढच्या काचेतून रूळ दिसतात. अण्णा तिथून हललेच नाहीत.

पहिलं ठिकाण अल फहिदी, जुनी वस्ती. इथे मला वाटलं होतं अण्णा कंटाळतील. पण ही घरं त्यांना बुर्जपेक्षा जास्त आवडली. प्रवाळाचा दगड आणि जिप्समच्या जाड भिंती, अरुंद बोळ, आणि बऱ्याच घरांवर चौकोनी मनोरा. त्याला 'बारजील' म्हणतात. मनोऱ्याला चारही बाजूंनी उघड्या खिडक्या, आत उभे आडवे पडदे. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूने पकडायचा आणि खाली खोलीत सोडायचा. दुसऱ्या बाजूने खोलीतली गरम हवा वर निघून जाते. वीज नव्हती तेव्हा हाच एसी. अण्णा भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "आपलं माळवदच की हे. आपण माती घातली, यांनी समुद्रातला दगड." आमचं जुनं घर माळवदाचंच होतं. २०११ मध्ये पाडून स्लॅब टाकला आणि तेव्हापासून मे महिन्यात घरात बसवत नाही.

तिथून चालत खाडीवर. अब्रा म्हणजे लाकडी होडी, बर दुबईहून देरा बाजूला, माणशी एक दिरहम. तेव्हाचे आपले बावीस-तेवीस रुपये. या शहरात एवढ्या पैशात एवढं सुख दुसरं कुठलंच नाही. होडीला कठडा नाही, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं. वयस्कर माणसांना चढता-उतरताना हात द्या, होडी हलते. आई पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसलेली, त्यामुळे ती एकदम निवांत. सरकत्या जिन्याला घाबरलेली माझी आई इथे दोन पाकिस्तानी बायकांना हाताने खुणा करून जागा करून देत होती.

एक सूचना. बर दुबईच्या खाडीजवळच्या जुन्या मंदिराची माहिती अजून नेटवर फिरते. ते जानेवारी २०२४ पासून जबेल अलीला हलवलंय. आई-वडिलांना दर्शन हवंच असतं, पण जबेल अली लांब आहे, त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. आम्ही ठेवली.

साडेआठला मीना बझारजवळ इडली, आणि दुकानातून लबान. लबान म्हणजे आपलं ताक, थोडं दाट. आईने चव घेतली, पिशवीतून मीठ काढून टाकलं आणि म्हणाली, "आता बरोबर झालं." साडेनऊला घरात. दहा ते पाच बाहेर पडायचं नाही. यात काही वाया गेलं असं मानू नका. यूएईमध्ये १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद असतं. जेवण, वामकुक्षी, आणि अण्णांचं गावाकडे फोन करणं.

फोनवरून आठवलं. यूएईमध्ये साधा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. मेसेज जातात, कॉल नाही. मॉलमध्ये चुकामूक झाली तर तुमचे वडील व्हॉट्सॲपच दाबत बसणार. विमानतळावरच लोकल सिम घ्या, एक नंबर स्पीड डायलला टाका, आणि तोच नंबर कागदावर लिहून खिशात द्या.

संध्याकाळी साडेपाचला पुन्हा मेट्रो, बुर्ज खलिफा स्टेशन. स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत एसी असलेला बंदिस्त रस्ता आहे, पण तो जवळपास आठशे मीटर लांब आहे. नकाशावर 'स्टेशनला लागून' दिसतं, त्यावर जाऊ नका. वाटेत सरकते पट्टे आहेत, आम्ही अर्थातच बाजूने चाललो. उन्हातून आत आल्यावर एसीची थंडी बोचते. आईला शाल लागली, मे महिन्यात.

बुर्जवर चढायचं की नाही? इमारत ८२८ मीटर, लोकप्रिय गच्ची १२४-१२५ व्या मजल्यावर, सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट सगळ्यात महाग. अण्णांनी तिघांच्या तिकिटाचा ज्वारीच्या पोत्यांत हिशेब केला आणि म्हणाले, "खालनं बी दिसतंय." मी हट्ट केला नाही. खाली कारंजं फुकट असतं, तेव्हा संध्याकाळी सहानंतर दर अर्ध्या तासाने होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात ते दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं, त्यामुळे निघण्याआधी वेळ बघून घ्या. आम्ही कठड्याला टेकून दोन खेळ बघितले.

पहिल्या खेळाला अण्णा गप्प होते. दुसऱ्याला म्हणाले, "हे पाणी आणतात कुठनं?"

आमच्या तालुक्यात पस्तीस गावांचा पाणीप्रश्न ऐकतच मी मोठा झालोय, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरतात, दुबईत शंभरच्या आसपास. एप्रिलमधला तो विक्रमी पाऊस सोडा, तो आला तेव्हा शहरच बुडालं. इथे नदी नाही. पिण्याचं पाणी जवळपास सगळं समुद्राचं, जबेल अलीच्या प्रकल्पांत गोड केलेलं. एक पद्धत म्हणजे वीजकेंद्राच्या उष्णतेवर पाणी उकळायचं आणि वाफ गोळा करायची. दुसरी म्हणजे प्रचंड दाबाने अतिबारीक पडद्यातून ढकलायचं, मीठ अलीकडे राहतं. आपल्या घरातल्या आरओचंच थोरलं भावंड.

परतीच्या मेट्रोत अण्णा पुन्हा पुढच्या काचेपाशी. बुर्जुमान यायच्या आधी वळले आणि म्हणाले, "लाईट बिल किती येतं रे त्याला?"

मी मोबाईलवर हिशेब करून सांगितलं. पडद्याच्या पद्धतीत हजार लिटरला साधारण तीन ते चार युनिट. म्हणजे आपली पाच एचपीची मोटर तासभर चालवली तर लागते तेवढी वीज.

अण्णांनी जरा विचार केला.

"मग एवढं काय न्हाय की," म्हणाले. "आपल्या बोअरला मे महिन्यात तासाला हजार लिटर तरी कुठं येतंय."