तीन वर्षांची पदवी, पंधरा वर्षांचे कर्ज

इंग्लंडच्या उत्तर भागातील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र घेऊन माझी भाची गेल्या महिन्यात आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरील आनंदापेक्षा तिच्या वडिलांच्या हातातील फाइल माझ्या अधिक लक्षात राहिली. विषय समाजशास्त्र, पदवी तीन वर्षांची. फाइलमध्ये साताऱ्याच्या सदनिकेची कागदपत्रे, गावाकडील दोन एकरांचा सातबारा आणि बँकेचा कोरा अर्ज होता. आणि त्या अर्जावर जामीनदार म्हणून सही मी करावी, हे मंडळींनी आधीच ठरवून टाकले होते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाचा उपयोग नातेवाइकांना अशाच वेळी होतो.

तेव्हा प्रथम हिशेबच मांडला. शुल्क वर्षाला २० हजार पौंड. व्हिसासाठी लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याला नऊ महिन्यांच्या राहण्या-जेवण्याचे पैसे, महिना सुमारे १,१७० पौंड या दराने, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. सुट्टीत मुलगी घरी येईल असे धरून आणि पौंडाला ११० रुपये असा ढोबळ भाव लावूनही तीन वर्षांचा आकडा एक कोटीच्या पुढे जातो. जमीन विकून आणि भविष्यनिर्वाह निधी मोडून निम्मी रक्कम उभी राहील; उरलेली कर्जाऊ. शिक्षणाच्या काळातील व्याज मिळवून कर्ज साठ लाखांवर जाईल, आणि दहा टक्के दराने पंधरा वर्षांत ते फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६४,५०० रुपये. माझे मेहुणे माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत.

नोकरी लागल्यावर मुलगी फेडील, असे यावर उत्तर असते. इंग्लंडमध्ये पदवीनंतर दोन वर्षे राहून काम शोधण्याची सवलत २०२१ च्या जुलैपासून मिळू लागली. परंतु २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरले आहे. २०२६ मध्ये जाणारी मुलगी २०२९ मध्ये पदवी घेईल, म्हणजे तिच्या वाट्याला अठराच महिने. पुढे राहायचे तर कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण रेषा २०२५ च्या जुलैपासून ४१,७०० पौंड आहे. नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठी ती काही खाली आहे, हे खरे. तथापि समाजशास्त्राच्या ताज्या पदवीधराला जी कामे सहसा मिळतात, म्हणजे धर्मादाय संस्थेतील साहाय्यकाचे किंवा नगरपालिकेच्या कल्याण खात्यातील, त्यांचा पगार त्या खालच्या रेषेलाही पोहोचेल, याचा भरवसा देता येत नाही. आणि मुलगी परत आली, तर पौंडांत झालेला खर्च रुपयांत फेडावयाचा आहे.

या शुल्काचा इतिहासही पालकांनी जाणून घ्यावा असा आहे. १९६७ पर्यंत ब्रिटिश विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे शुल्क नव्हते. त्या वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने स्वदेशीयांना ७० आणि परदेशीयांना २५० पौंड असा भेद प्रथम केला. पुढे थॅचरबाईंच्या सरकारने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्याने शिक्षणाचा पूर्ण खर्च द्यावा, असे ठरविले. आज गाडी त्याच्याही पुढे गेली आहे. इंग्लंडमधील स्वदेशी विद्यार्थ्याचे शुल्क २०१७ पासून कित्येक वर्षे ९,२५० पौंडांवर गोठलेले होते. महागाई मात्र गोठली नव्हती. ही तूट विद्यापीठे मोठ्या प्रमाणात परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढतात. साताऱ्याचा शिक्षक आपली जमीन विकतो, तेव्हा त्यातील काही भाग यॉर्कशायरच्या मुलाच्या शिक्षणावर खर्च होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एवढे करूनही त्या विद्यापीठांचे भागत नाही. केंट विद्यापीठाने २०२४ मध्ये मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान अशा अभ्यासक्रमांतील नवे प्रवेश थांबविण्याचे ठरविले. पैसा आटला की कुऱ्हाड प्रथम या विषयांवर पडते, तिकडेही आणि इकडेही.

आपल्याकडील माणसे समाजशास्त्रासाठी परदेशी गेली नाहीत असे नाही. पण ती कोणाच्या पैशावर गेली, हे पाहावे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२४ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या पश्चात मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांनी उचलली. दोघेही येथील शिक्षण पुरे करून गेले, आणि दोघांच्याही बाबतीत जोखीम संस्थेने घेतली होती. आज ती जोखीम एका सदनिकेवर येऊन बसली आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जो निबंध वाचला, तो भारतातील जातिसंस्थेवर होता. आता विरोधाभास पाहा. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकार जी शिष्यवृत्ती देते, ती पदव्युत्तर आणि संशोधनाच्या शिक्षणापुरतीच आहे. आणि तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. हे विषय येथेच चांगले शिकता येतात, अशी त्यावरची भूमिका होती. या नियमाखाली १९१६ चा तो निबंध बसला नसता. अंतरावरून आपले घर अधिक स्पष्ट दिसते, ही गोष्ट सरकारला पटू नये याचे आश्चर्य वाटते.

हे सारे मी भाचीपुढे मांडले. एम. ए. एका वर्षात होते, तेव्हा बी. ए. येथेच पुरे करून मग जावे, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल, असा माझा सल्ला होता. आजही तोच आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण त्यात माझ्या कॉलेजचं खातं कुठे आहे?"

यावर मला तत्काळ उत्तर सुचले नाही. तिने येथील एका महाविद्यालयात प्रथम वर्ष काढले आहे. समाजशास्त्राची पूर्णवेळ जागा तेथे रिकामी. तासिका तत्त्वावर येणारे प्राध्यापक एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे येतात आणि टिपणे सांगून जातात. वर्षभरात तिने वेबर आणि दुर्खीम यांचे मूळ पान एकदाही पाहिले नाही. गाइडातील दहा ओळी पाठ केल्या आणि ७८ गुण मिळविले. ज्या विद्यापीठात ती चालली आहे, तेथे सत्तर गुण म्हणजे प्रथम श्रेणी, आणि तेवढे मिळणेही सोपे नसते. वर्ग आठवड्याला दहा-बारा तासच. बाकीचा वेळ वाचनाचा. आठवड्याचे वाचन करून आठ-दहा जणांच्या चर्चावर्गात बसायचे, आपले मत मांडायचे आणि ते सहाध्यायांच्या प्रश्नांपुढे टिकवायचे. आपल्याकडे हे एम. ए. लाही क्वचित घडते, हे त्या एम. ए. च्या परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या मला ठाऊक आहे. अठराव्या वर्षी प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही, तर ती बाविसाव्या वर्षी एका वर्षाच्या अभ्यासक्रमात लागेल, हे माझे गृहीत होते. त्याला आधार काय, असे तिने विचारले असते तर मी अडचणीत आलो असतो. तिने सुदैवाने विचारले नाही.

ज्या घरात पैसा आहे, त्याने मुलांना खुशाल पाठवावे. ज्या घराला छप्पर गहाण टाकावे लागते, त्याने तीन वर्षे थांबावे. मात्र या सल्ल्याला वजन यायचे असेल, तर ती तीन वर्षे येथे वाया जाणार नाहीत, एवढे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे. आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवणाऱ्या राज्यात ते सांगण्याचे धाष्टर्य माझ्याने होत नाही. परदेशी जाणाऱ्या मुलांना उधळे म्हणणे सोपे आहे. त्यांना येथून कोण ढकलते आहे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या अंगावर येतो, म्हणून तो आम्ही सहसा विचारीत नाही.

जमीन विकू नये, तीच तारण ठेवावी आणि सदनिका मोकळी ठेवावी, एवढी एक अट मी घातली. ती मेहुण्यांनी मान्य केली. कर्जाचा बोजा त्याने वाढला, पण म्हातारपणी डोक्यावर छप्पर राहील. गेल्या सोमवारी बँकेत जाऊन मी जामिनाच्या कागदावर सही केली. परत महाविद्यालयात आलो तेव्हा आमच्याकडील समाजशास्त्राची रिकामी जागा भरण्यासंबंधीचे स्मरणपत्र मुख्याध्यापकांच्या नव्हे, प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेले होते. (शाळेत काही वर्षे काढल्याने हा शब्द अजून तोंडात येतो.) गेल्या चार वर्षांतील ते सातवे.