भेदरलेला श्वान आणि आपले औषधाचे कपाट

दीपावली समीप आली की आपल्या औषधालयांत एक निराळी मागणी सुरू होते. "वैद्यराज, फटाके वाजू लागले की आमचा कुत्रा पलंगाखाली शिरतो, थरथरतो, अन्नाला तोंड लावत नाही. त्याला शांत करील असे काही द्या." काही वर्षांपूर्वी एका जुन्या रुग्णाने हीच विनंती केली, तेव्हा आमचा हात सर्पगंधा घनवटीच्या डबीकडे गेला होता. मात्रा ठरवता येईना, एवढ्यामुळेच तो थांबला. पुढे अभ्यासांती जे उमगले, ते समव्यवसायी वैद्यांपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत.

सर्पगंधेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. ती रक्तदाब उतरवते, नाडी मंदावते. तिने श्वान निपचित पडून राहील. परंतु निपचित होणे म्हणजे निर्भय होणे नव्हे. भय कायम आणि पळण्याचे बळ मात्र गेलेले, ही अवस्था अधिकच क्लेशदायक. केवळ गुंगी आणणाऱ्या एसिप्रोमेझिनविषयी पशुवैद्यही याच कारणाने सावध असतात.

इतर कल्पही निर्धोक नाहीत. अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट यांतील स्वयंजनित मद्यांश श्वानाला बाधतो. द्राक्षे व मनुका यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते; म्हणून द्राक्षारिष्ट दुहेरी वर्ज्य. साखरविरहित कल्पात झायलिटॉल असल्यास त्याची रक्तशर्करा एकाएकी घसरते. घनवटीच्या काही पाठांत भांग असते, तीही त्याला विषवत् ठरते. माणसाची मात्रा वजनाच्या प्रमाणात घटवली की काम झाले, हा समज म्हणूनच घातक होय.

पशुवैद्यकाने या विकारासाठी स्वतंत्र औषधे सिद्ध केली आहेत. मालकाच्या विरहाने व्याकूळ होणाऱ्या श्वानांसाठी अमेरिकेत क्लोमिप्रामिनला १९९८ साली व फ्लुओक्सेटिनला २००७ साली मान्यता मिळाली. दोन्ही वर्तनशिक्षणाच्या जोडीनेच द्यावयाची आहेत. त्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात. असे औषध चालू असलेल्या श्वानाला आपली पुडी देणे म्हणजे नवे संकट ओढवणे. शिवाय उतारवयात अकस्मात आलेल्या भित्रेपणामागे एखादी वेदनाही दडलेली असू शकते; तिचे निदान पशुवैद्यानेच करावयाचे.

शालिहोत्राने अश्वांची आणि पालकाप्याने गजांची चिकित्सा स्वतंत्र शास्त्र म्हणून मांडली. प्राणी बदलला की शास्त्र बदलते, हा आपल्याच परंपरेचा दंडक आहे. भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकारही नोंदणीकृत पशुवैद्यांकडेच आहे.

मग ग्राहकाला रिक्त हस्ते पाठवावे काय? नाही. त्यास सांगावे : दिवाळीपूर्वी दोन-तीन आठवडे आधीच पशुवैद्याकडे जा. अंधार पडण्यापूर्वी श्वानाला फिरवून आणा. आतल्या खोलीत पडदे ओढून, रेडिओ लावून त्याची जागा करा. त्याला बांधू नका, रागावू नका. जवळ आला तर खुशाल थोपटा.

त्या जुन्या रुग्णाला आम्ही औषध दिले नाही. तो नाराज होऊन गेला, परंतु पशुवैद्याकडे गेला. विक्री एका डबीची बुडाली. विश्वास मात्र राहिला.