ग्रंथालयाच्या दारावरील सूर्य

जुन्या वाड्याच्या दारावरील गणेशपट्टी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात मधोमध कोरलेला गणपती, हे घर कोणाच्या छत्राखाली आहे, ते येणाऱ्यास न बोलता सांगतो. सार्वजनिक ग्रंथालय हे मात्र कोणा एकाचे घर नव्हे. मग त्याच्या दारावर काय कोरावे? या प्रश्नाचे एक उत्तर स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी दगडात कोरलेले आहे.

पुढे अमेरिकेत पोलादाचा मोठा कारखानदार झालेला अँड्र्यू कार्नेगी १८३५ साली याच गावी एका विणकराच्या घरी जन्मला. त्याचे वडील व त्यांचे काही सोबती यांनी आपापली मोजकी पुस्तके एकत्र करून गावात देवघेवीचा ग्रंथसंग्रह चालू केला होता. पुढे वाफेच्या मागांनी हातमाग बसविले आणि १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. तेथे अँड्र्यू प्रथम सूतगिरणीत व नंतर तारऑफिसात निरोप्या म्हणून राबू लागला. कर्नल अँडरसन नावाच्या एका गृहस्थांनी आपली सुमारे ४०० पुस्तके कष्टकरी मुलांना खुली केली होती. दर शनिवारी एक पुस्तक मिळे. संग्रह वाढल्यावर मात्र नियम बदलला. करारबद्ध उमेदवारांनाच पुस्तके फुकट, इतरांस वर्षाला दोन डॉलर वर्गणी! १८५३ साली या पोराने वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याविरुद्ध तक्रार केली, आणि शेवटी दार पुन्हा उघडले.

पुढे संपन्न झाल्यावर त्याने जन्मगावास ग्रंथालय दिले. १८८१ साली त्याच्या आईच्या हस्ते कोनशिला बसली व १८८३ साली ते खुले झाले. दारावर कोरण्यासाठी घराण्याचे मानचिन्ह कोणते, अशी त्यास पृच्छा झाली. विणकराच्या घराला कसले मानचिन्ह! त्याने सुचविले की, किरणे पसरणारा उगवता सूर्य कोरावा आणि प्रकाश व्हावा अशा अर्थाचे बायबलातील छोटे वचन त्याच्यासोबत असावे. दात्याच्या कुळाची खूण जेथे यावयाची, तेथे कोणाच्याच मालकीचा नसलेला सूर्य आला. माझ्या मते त्या कोरीव कामाचे खरे मोल यातच आहे.

वर्गात हे सांगताना दुसरी बाजू वगळू नये. १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्याच कारखान्यात मजुरीवरून संघर्ष पेटला व माणसे मारली गेली. बारा बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा मजूर वाचणार केव्हा, असे टीकाकार विचारीत, आणि तो प्रश्न रास्त होता. तरीही त्याच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली तेथील ग्रंथपाल बोर्डन यांस बडोद्यास बोलाविले. पुढे त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

काही वर्षांपूर्वी तपासणीसाठी मी एका शाळेत गेलो होतो. कार्यालयाच्या दारावर सरस्वतीचे सुबक चित्र रंगविले होते. आत पुस्तकांचे कपाट होते आणि त्यास कुलूप होते. "पुस्तक हरवले तर भरपाई आमच्या पगारातून होते, साहेब," गुरुजी म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते; जडवस्तुसंग्रहाची नोंदवही आम्हीच तपासतो. त्या दिवशी मी शेऱ्यात एवढेच लिहिले की, वाचून जीर्ण झालेली पुस्तके निर्लेखनास वेगळी मांडावीत, आणि देवघेवीची वही चौथीच्या मुलांकडे द्यावी. पुढल्या भेटीत सात पुस्तकांची पाने सुटलेली होती. ती मी निर्लेखित केली.