मालडब्याचे वेदरिंग
(मॉडेल रेल्वेची उभारणी : लेखांक नववा)

कारखान्यातून आलेला मॉडेलचा मालडबा नवाकोरा असतो. रंग एकसारखा, अक्षरे पांढरीशुभ्र, चाके चकचकीत. खरा डबा मात्र रुळांवर उतरल्या दिवसापासून ऊन, पाऊस, धूळ आणि काजळी सोसत असतो. ही झीज आणि हा मळ मॉडेलवर उतरवण्याच्या कामाला वेदरिंग म्हणतात. त्यासाठी रंगकामाचा हात लागतोच, पण त्याआधी कारणांची समज लागते. डाग कुठून आला हे कळले, की तो कुठे दाट असेल आणि कुठे विरेल हेही कळते. उदाहरणासाठी येथे अमेरिकन रेल्वेवरचा चाळीस फुटी पोलादी बॉक्सकार, म्हणजे चारही बाजूंनी बंद मालडबा, घेतला आहे. पुलमन-स्टँडर्ड कंपनीने १९४७ पासून बनवलेला ‘पीएस-१’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात त्याची लांबी सुमारे १४ सेंटीमीटर भरते.

डबा मळतो कसा

या डब्यांचा नेहमीचा तांबूस-तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूच्याच जातीचा. उन्हातील अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारा थर खंगतो, पृष्ठभागावर भुकटी सुटते आणि रंग फिकट, खडूसारखा दिसू लागतो. पांढऱ्या अक्षरांचेही तेच होते. त्यांची भुकटी पावसाबरोबर खाली उतरते आणि प्रत्येक अक्षराखाली पांढुरका ओघळ दिसतो.

छताची तऱ्हा वेगळी. त्याचे पत्रे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असत. अशा पत्र्यावर रंग नीट धरत नाही. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा राखाडी मुलामा उघडा पडतो. गंज त्यानंतर बऱ्याच काळाने येतो. डब्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर, खालच्या चाकांच्या बरोबर रेषेत, मळाचे दोन उभे पट्टे दिसतात. ओल्या रुळांवरून फिरणारी चाके चिखलपाणी वर उडवतात, त्याची ही खूण. बाजूच्या भिंतींचा खालचा भाग मार्गावरच्या धुळीचा रंग घेतो.

काही खुणा माणसांच्या हातच्या असतात. रिकाम्या डब्याचे वजन ठरावीक मुदतीनंतर पुन्हा करून नवा आकडा लिहावा लागे. त्यासाठी जुन्या आकड्यावर ताज्या रंगाचा छोटा चौकोन मारला जाई. त्यामुळे विटलेल्या भिंतीवर एकच गडद, स्वच्छ ठिगळ दिसते. यार्डातील कामगारांनी खडूने केलेल्या खुणाही भिंतींवर असत.

वय, काळ आणि माल

लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी ठरलेले हवे. त्या वर्षातून डब्यावर लिहिलेले बांधणीचे वर्ष वजा केले, की डब्याचे वय निघते. १९५७ च्या लेआउटवर १९५५ चा डबा जवळजवळ नवा दिसेल. त्याच्यावर फार तर धुळीचा हलका थर असेल. वाफेच्या इंजिनांच्या काळात छतावर काजळी साचे. १९६० नंतरच्या देखाव्यात ती जवळजवळ नसावी. अगदी अलीकडचा काळ असेल, तर बाजूंवर परावर्तक पट्ट्या हव्यात. त्यांची सक्ती २००५ मध्ये आली.

मालानेही खुणा बदलतात. सिमेंटच्या बंद हॉपरवर, म्हणजे तळातून रिकामा होणाऱ्या मालडब्यावर, छतावरच्या झाकणांभोवती राखाडी सांडलेले असते आणि तेथूनच ओघळ खाली येतात. कोळशाचा उघडा हॉपर आतून घासून गंजलेला असतो. बर्फाने थंड ठेवलेल्या डब्यात बर्फाला मीठ लावत, त्यामुळे खारे पाणी ठिबकून खालचा भाग लवकर गंजे. त्याच काळातील खऱ्या डब्याचे छायाचित्र समोर ठेवणे सर्वांत उत्तम. दुसऱ्याचे मॉडेल पाहून काम केले, तर त्यातल्या चुकाही सोबत येतात.

तयारी

चाके आणि डबे जोडणारे कपलर काढून डबा भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा व पूर्ण वाळू द्यावा. हाताचे तेल राहिले, तर रंग धरत नाही. मग मॅट वार्निशचा पातळ फवारा द्यावा. कारण शेवटी लावायची भुकटी गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही. प्रत्येक थरानंतर काम पुरते वाळू द्यावे.

फिकेपणा आणि ओघळ

पहिला थर फिकेपणाचा. डब्याच्याच रंगात थोडा पांढरा मिसळून, भरपूर पातळ करून, एअरब्रशने हलका फवारावा. त्याने अक्षरेही किंचित मंदावतात आणि डब्याला एकसंध जुनेपणा येतो.

त्यानंतर वॉश. गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग पाण्यात अगदी पातळ करून त्यात साबणाचा एक थेंब टाकावा. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंबांनी न साचता रिव्हेटांच्या कडेला व पत्र्यांच्या सांध्यांत उतरतो. अल्कोहोलमध्ये मिसळलेली काळी शाईही वापरतात. मात्र मॅट वार्निशवर अल्कोहोल लागले, की कधीकधी पांढुरकी झाक येते. वार्निशचा नवा हलका फवारा दिला, की ती बहुधा जाते.

ओघळांसाठी चित्रकलेच्या दुकानातले तैलरंग सर्वांत सोयीचे, कारण ते सावकाश वाळतात. बर्न्ट अंबरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सांध्याखाली ठेवावा. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करावा आणि ठिपक्यावरून सरळ खाली ओढावा. ठिपका विरत जाऊन खाली नाहीसा होतो. ओघळ जाड झालाच, तर तासाभरानेही तो त्याच ब्रशने पुसता येतो. हात नेहमी वरून खालीच चालावा, कारण पाणी तसेच वाहते. खालचा रंग इनॅमल असेल, तर टर्पेंटाइन तोही सोडवते. म्हणून आधी डब्याच्या तळाशी चाचणी घ्यावी.

गंज आणि छत

येथे प्रमाणाचे भान सर्वांत जास्त लागते. १:८७ मध्ये एक मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या डब्यावर जवळजवळ नऊ सेंटीमीटरचा. म्हणून ब्रशऐवजी स्पंजचा फाडलेला तुकडा वापरावा. तो रंगात बुडवून कागदावर टिपून घ्यावा आणि मग हलकेच टेकवावा. त्याने बारीक, वेडेवाकडे टवके उठतात. जुना गंज गडद तपकिरी असतो, ताजा नारिंगी. डाग गडद ठेवून नारिंगीचा स्पर्श कडेला, तोही मोजक्याच ठिकाणी द्यावा. भडक नारिंगी सर्वत्र पसरला, तर सारे काम खोटे वाटते.

छतासाठी राखाडी रंगाचे ठिपके याच रीतीने देता येतात. अधिक खरे पापुद्रे हवे असतील, तर छत आधी राखाडी रंगवावे, त्यावर हेअरस्प्रे मारावा आणि वर डब्याच्या रंगाचे अॅक्रिलिक द्यावे. ते वाळले, की ओल्या ब्रशने घासावे. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग तुकड्यांनी निघतो आणि खालचा राखाडी दिसू लागतो.

चाके

साध्या बेअरिंगच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा असे. त्यातले तेल चाकावर पसरून धूळ धरी, म्हणून ती चाके तेलकट काळी दिसत. १९६० च्या दशकापासून नव्या डब्यांत बंदिस्त रोलर बेअरिंग वाढत गेली. त्यांची चाके कोरड्या गंजाच्या तपकिरी रंगाची असतात. मॉडेलच्या चाकांच्या दर्शनी बाजूला हाच फरक दाखवावा. रुळावर टेकणारी कड स्वच्छ ठेवावी. तिच्यावरचा रंग रुळांवर उतरतो आणि इंजिनाच्या वीजपुरवठ्यात अडथळा येतो. आसाची टोकेही कोरी राहू द्यावीत. कपलरला रंगाऐवजी गंजाच्या रंगाची भुकटी थोडी चोळावी आणि वंगणासाठी तेल न वापरता ग्रॅफाइटची पूड घ्यावी.

धूळ आणि शेवटचा हात

सॉफ्ट पेस्टलची कांडी सँडपेपरवर घासून मिळणारी पूड मऊ ब्रशने बोगी (चाकांची चौकट), तळ आणि भिंतींच्या खालच्या भागावर लावावी, वर जाताना ती विरळ व्हावी. पूड ज्या प्रदेशातून गाडी धावते, तेथील मातीच्या रंगाची हवी. वार्निशच्या फवाऱ्याने पूड बरीच फिकी पडते. म्हणून ती आधीच थोडी जास्त लावावी. फवाऱ्याचे आणि टर्पेंटाइनचे काम खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावूनच करावे.

गाडी जोडताना सर्व डबे सारखे मळलेले नसावेत. खऱ्या मालगाडीत निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयाचे डबे एकत्र येतात. एखादा नुकताच रंगवलेला, बरेचसे मध्यम वापरलेले आणि एखाददुसरा अगदी जर्जर, अशी रचना केली, की प्रत्येक डब्याला स्वतःचा इतिहास मिळतो आणि गाडी खरी वाटते.

(पुढील लेखांकात : उघड्या डब्यांतील मालाची प्रतिकृती)