दोन आजार, एक माणूस

दारू बंद करून तिसरी रात्र. हात थरथरताहेत, अंगाला दरदरून घाम सुटलाय. तो पांघरुणावरचे नसलेले किडे वेचतोय, कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणून ओरडतोय. घरातलं जाणतं माणूस म्हणतं, ‘बाहेरचं दिसतंय.’ अंगारा लावला जातो, लिंबू उतरून टाकलं जातं. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांनी ही रात्र पाहिली आहे. अशा वेळी गरज असते दवाखान्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली, तर दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर तो जिवावर बेतू शकतो.

याचं कारण मेंदूत आहे. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचं काम दारू वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोजच्या या दाबाशी झुंजताना मेंदू उलट दिशेनं जोर लावायला शिकतो. उसानं भरलेली गाडी ओढताना दोर तुटावा आणि बैल पुढच्या पुढे कोसळावेत, तसं दारू अचानक थांबल्यावर होतं. ओझं गेलेलं असतं, जोर मात्र तसाच असतो.

आधी काय आलं?

काहींच्या मनात ग्लास हातात येण्याआधीच काहीतरी बिनसलेलं असतं. कुणाला न हटणारी उदासी, कुणाला सतत धास्ती, तर कुणाच्या कानात आवाज. दोन घोट घेतले की ते तासभर शमतं. माणसं अनेकदा मनाच्या दुखण्यावर स्वतःच ‘औषध’ घेत असतात, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलं. वीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अमेरिकी अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दारूचा विकार जडलेल्या ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक आजारही झाल्याचं त्यात आढळलं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना कधी ना कधी व्यसनाचा विकार जडला होता.

उलटंही घडतं. दारूच माणसाला उदास करते, त्याची झोप मोडते. मग मूळ दुखणं कुठलं? दारूमुळे आलेली उदासी साधारण महिनाभराच्या संयमानंतर पुष्कळदा ओसरते. ती टिकून राहिली, तर वेगळा आजार असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात. आपल्याकडे या तपासाला घरातलीच साक्ष मिळू शकते. ‘श्रावण पाळला होता तेव्हा झोप कशी होती? वारीसाठी माळ घातली होती, त्या दिवसांत माणसांत बसत होता का?’ याचं उत्तर बायकोला किंवा आईला ठाऊक असतं. तिला कुणीतरी विचारायला हवं.

चहातली पूड

दोन्ही आजार नीट न पाहिल्यास उपायही घातक ठरतो. वैतागलेले नातलग ‘दारू सोडवायची पूड’ आणून चहातून, भाजीतून गुपचूप देतात. अशा पुडीत डायसल्फिराम हे औषध असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीवही जातो. शिवाय भास, संशय असलेल्या रुग्णाचा आजार या औषधानं बळावू शकतो. पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच ते द्यायचं असतं.

म्हणूनच ‘आधी दारू सोड, मग मनाचं बघू’ हा क्रम चुकीचा आहे. दोन्हींवरचे उपचार हातात हात घालून चालले पाहिजेत. महाराष्ट्रातली या कामाची एक ठळक सुरुवात तशीच झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचट यांच्यासह २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाबरोबरच ‘परिवर्तन’मधून व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. तिथेच मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर व्यसन आणि मानसिक आरोग्य या दोन्हींवर काम करत आले आहेत. अंगारा आणि बाटली, दोन्हींशी एकाच गावातून झुंज दिली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

कायद्यानंही ही सांगड मान्य केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच आहेत. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

जावळी तालुक्यातल्या बायांनी दारूबंदीच्या मतदानातून बाटली आडवी केली. गावातलं दुकान त्यामुळे बंद होतं. पण ज्याला त्या बाटलीविना झोप येत नव्हती, तो घरातच असतो, जागा. त्याच्याशेजारी बसून ‘का रे, झोप येत नाही का?’ एवढं विचारणं ही उपचाराची पहिली पायरी आहे.