खानदेशचा कापूस आणि अमेरिकेतील बेड्या

दिवाळी सरली की धरणगावच्या जिनांसमोर कापसाच्या गाड्या लागतात. ओल किती, प्रत कोणती, आज काय भाव फुटला, याभोवती सगळी बोलणी फिरतात. त्या भावात परदेशच्या बाजाराचा वाटा असतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण खानदेशच्या शेतकऱ्याला त्या बाजाराचा पहिला मोठा तडाखा बसला तो १८६१ ते १८६५ या काळात. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते, आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : माणसाने माणूस विकत घ्यावा की नाही?

यंत्र आले आणि बेड्या वाढल्या

बोंडातला कापूस हातात घेऊन एकेक सरकी सोडवून पाहावी. तंतू सरकीला असा घट्ट धरून असतो की बोटे दुखू लागतात, पण मूठभर रुई काही जमत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची हीच अडचण होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीने दातेरी रुळाचे जिन बनवले आणि ती दूर झाली. सरकी काढण्याचे काम झपाट्याने होऊ लागले. पेरणी, खुरपणी आणि वेचणी मात्र हातांनीच होत राहिली. ते हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या लेकरांचे होते. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांवर गेले. लिलावात आई एका मालकाकडे जाई, मूल दुसऱ्याकडे.

पश्चिमेकडे नवी राज्ये वसत गेली तशी तिथे गुलामगिरी असावी की नसावी, यावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात ठिणग्या उडू लागल्या. १८२० मध्ये एक तडजोड झाली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती मोडली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारले. गुलामगिरीचा विस्तार रोखू पाहणारे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले. त्याच डिसेंबरात साउथ कॅरोलिना फुटून निघाले, आणि पुढे अशी ११ राज्ये झाली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

भाव आला, बातमी आली नाही

इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या पाच गाठींपैकी जवळजवळ चार अमेरिकेतून येत. इंग्लंडला आपल्या बाजूने ओढण्यासाठी दक्षिणेने आधी स्वतःच कापूस अडवला. मग उत्तरेच्या आरमाराने तिची बंदरे कोंडली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

खानदेश त्यांना नवा नव्हता. धरणगावात इंग्रज कंपनीने सतराव्या शतकातच कापडासाठी वखार घातली होती. १८४० मध्ये कंपनीने अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातले जाणकार मळेवालेही नेमून हिंदुस्थानात आणले होते. गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शेतीची विद्या इथल्या रयतेला शिकवण्याचा तो खटाटोप होता, आणि त्याला फारसे यश आले नाही. जे सरकारी शिकवणीने साधले नाही ते युद्धाने साधले. भाव चौपटीवर गेला. ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस उभा राहिला. जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. मुंबईत प्रेमचंद रायचंदसारख्या सटोडियांच्या शब्दावर नव्या नव्या कंपन्यांचे शेअर चढू लागले.

खानदेशचा माल मुंबईला जायचा तर वाटेत थळ घाट होता, आणि त्या घाटातला लोहमार्ग १८६५ च्या जानेवारीत सुरू झाला. म्हणजे मुंबईची सलग वाट खुली झाली आणि तीनच महिन्यांत, ९ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. भाव कोसळला. १ जुलैला मुंबईत वायद्याचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या. जळगावच्या पेठेचेही मोठे नुकसान झाले. तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. मंदीत ते कागद शेतकऱ्याच्या गळ्याशी आले.

या साऱ्या उलाढालीत शेतकऱ्यापर्यंत भाव पोहोचला. तो भाव कोणाच्या बेड्यांमुळे चढला आणि कोणाच्या सुटकेनंतर उतरला, हे त्याला कोणी सांगितले नाही.

ज्यांनी माणूस पाहिला

गिरण्या थंडावल्याने मँचेस्टरचे कामगार उपाशी होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्यांच्या सभेने लिंकनना पत्र पाठवले आणि गुलामगिरी मोडण्याला पाठिंबा दिला. आपल्या घरातली चूल कोणत्या कापसावर पेटते, हे त्यांना ठाऊक होते, आणि पोटाला चिमटा बसत असतानाही त्यांनी बाजू निवडली. जानेवारीत लिंकननी त्यांना कृतज्ञतेने उत्तर दिले. १८६५ अखेर तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली.

महाराष्ट्रात हे नाते ओळखले जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. व्यापाऱ्याला युद्धात तेजी दिसली, तिथे जोतीरावांना शूद्रातिशूद्रांची सोबत दिसली. दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी कर्जाखाली पिचलेला शेतकरी उभा केला.

आमच्याकडे आखाजीला सालदार ठरतो. उचल घेतो, वर्षभर राबतो. त्याला अमेरिकेतला गुलाम म्हणणे दोघांवरही अन्याय होईल. सालदाराचे मूल बाजारात विकले जात नाही. पण फिटत नाही अशी उचल माणसाला जखडते, हे ओळखूनच १९७६ मध्ये देशाला वेठबिगारीविरोधी कायदा करावा लागला. साखळी लोखंडाची असो वा कागदाची, ती तोडायची तर आधी दिसावी लागते.

म्हणून हा इतिहास खानदेशच्या शाळांत शिकवला पाहिजे. कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलांना जळगावच्या पेठेची भरभराट सांगताना, ती भरभराट ज्या युद्धातून आली त्यातली माणसेही सांगितली पाहिजेत. भाव ठरवणाऱ्यांच्या हिशेबात वेचणाऱ्याचे नाव तेव्हा नव्हते, आजही नसते. ते नाव मागण्याचे काम ज्याच्या शेतात कापूस उभा आहे त्याचे आहे, आणि ज्याच्या अंगावर तो आहे त्याचेही.